ट्रॅफिकमध्ये गरम, हायवेवर गार: रिमॅप केलेल्या रोजच्या गाडीला थर्मोस्टॅट किती डिग्रीचा?

तक्रार ठरलेली असते. टर्बो पेट्रोल गाडी, स्टेज १ रिमॅप झालेला (म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं), पुढे मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा). सकाळी ऐरोली पुलावर सगळं ठीक, संध्याकाळी एसी लावून कापूरबावडी ते कासारवडवली रांगत आलं की तापमानाचा काटा चढतो. मग दोन सल्ले मिळतात (गॅरेजच्या भाषेत थर्मोस्टॅट म्हणजे वॉल): ‘वॉल काढूनच टाका’ किंवा ‘७१ चा थंड वॉल टाका’. पहिल्यामुळे हायवेवर इंजिन पुरतं तापत नाही, दुसऱ्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि घोडबंदरला काटा दोन्ही उपायांनंतर चढतच राहतो. थोड्या दिवसांनी तीच गाडी बॉनेट उघडून पुन्हा उभी.

असं होण्याचं कारण एकच. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. आतलं मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागतं. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि साधारण ९५ ला पूर्ण उघडतो. त्यापुढे गाडी किती तापेल ते रेडिएटर, फॅन, पंप आणि समोरून येणारी हवा ठरवते. सिग्नलवर उभ्या गाडीचं तापमान फॅनच्या चालू-बंद आकड्यांभोवती फिरतं, मग आत ८२ चा असो की ८८ चा. म्हणून आकडा निवडण्याआधी बाकीची यंत्रणा धड आहे याची खात्री करा. उलट क्रमाने गेलात तर खर्च दोनदा होतो.

लक्षण नेमकं कोणतं?

‘गाडी गरम होते’ एवढ्यावरून काही कळत नाही. कधी, कुठे आणि एसी चालू असताना की बंद, हे लिहून ठेवा.

- ट्रॅफिकमध्ये चढतं, गाडी पळू लागली की उतरतं: फॅन किंवा हवेचा मार्ग. थर्मोस्टॅटवर संशय शेवटी.
- ट्रॅफिकमध्ये ठीक, पण खंडाळ्याच्या घाटात किंवा समृद्धीवर सलग १२० ला चढतं: रेडिएटर आतून चोंदलेला, पंप कमजोर, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो, किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो.
- ठाणे-बेलापूर रोडवर सलग ७०-८० ला ७० डिग्रीच्या आसपास घसरतं: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आधीच कोणीतरी काढलाय. सोबत पी०१२८ कोड, म्हणजे ‘इंजिन पुरतं तापत नाही’ असा चेक इंजिनचा कोड. सीएनजी किट असेल तर गाडी गॅसवर उशिरा जाते, कारण रेड्युसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम कूलंट वेळेवर मिळत नाही.
- आकडा एकदम उडी मारतो आणि तसाच पडतो: कूलंट कमी किंवा आत हवा.
- सिग्नलवर एसी अचानक गरम हवा फेकतो: तापमान वाढल्यावर ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, एसीचा कंप्रेसर तोडलाय. काटा मधोमध दिसत असला तरी.

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. बऱ्याच गाड्यांचा काटा ७५ ते १०५ च्या दरम्यान मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो, म्हणजे ग्राहक घाबरत नाही. काटा हलला तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे पुढचं सगळं काट्यावर नाही, ओबीडीच्या (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवरून वाचलेल्या) आकड्यांवर करायचं.

तपासण्या, फुकटापासून महागापर्यंत

*पातळी आणि कॅप.* इंजिन रात्रभर गार झाल्यावर टाकीतली पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे का पाहा. गरम असताना कॅप उघडायची नाही. कॅप फिरवताच दाब जातो, दाबाखाली न उकळलेलं कूलंट क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. कॅपवर ०.९, १.१, १.४ असा बारमधला आकडा असतो. गाडीला मूळ होता तोच हवा. ५०:५० कूलंट उघड्यावर साधारण १०७ ला उकळतं, १.१ बारच्या दाबाखाली १२५ च्याही पुढे. कॅपचं रबर कडक झालं की हा फरक संपतो आणि इंजिन नेहमीच्याच तापमानाला असताना टाकी उकळायला लागते. गार झाल्यावर वरचा होज चपटा पडलेला दिसला तर कॅपमधला उलटा व्हॉल्व्ह गेलाय. कॅप स्वस्त आहे, शंका आली की बदला. जास्त दाबाची ‘परफॉर्मन्स’ कॅप मात्र नको. तिने इंजिन थंड होत नाही, प्लास्टिकच्या टाकीवर आणि रेडिएटरच्या सांध्यांवर ताण येतो.

*सेन्सर खरं बोलतोय का?* काही शेकड्यांत मिळणारा ईएलएम३२७ अडॅप्टर आणि फोनवरचं ओबीडी ॲप पुरे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी फक्त इग्निशन ऑन करा, स्टार्ट नको. कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान तीन ते पाच डिग्रीच्या आत जुळलं पाहिजे. फरक पंधराचा असेल तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर पाहा. खाडीकाठच्या दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. काँटॅक्ट क्लीनर मारून पुन्हा मोजा. हे न करता थर्मोस्टॅट बदलणं म्हणजे चुकीच्या आकड्यावर पैसे घालणं.

*फॅन.* इंजिन चालू, एसी चालू: फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरला पाहिजे. आता एसी बंद करून उभ्या गाडीत तापमान चढू द्या. बऱ्याच गाड्यांत ९५ ते १०० च्या दरम्यान फॅन लागतो आणि चार-पाच डिग्री उतरल्यावर थांबतो. एसीवर फिरतो पण तापमानावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे. रिले, वायरिंग किंवा सेन्सर पाहा. दोन स्पीडचा फॅन असेल तर हळू चालतो पण जोरात चालत नाही, हा दोष फार दिसतो आणि ट्रॅफिकमधल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. कारण बहुधा हाय स्पीडचा रिले किंवा त्याचं वायरिंग.

‘फॅन डायरेक्ट केलाय’ असं कोणी सांगितलं तर ते आधी पूर्ववत करून घ्या. सतत फिरणारा फॅन मूळ दोष झाकतो आणि मोटर लवकर जाते. शिवाय फॅन तुमच्या थर्मोस्टॅटच्या आकड्याशी जुळतो की नाही, हे तपासायची सोयच राहत नाही.

*समोरून हवा येते का?* परफॉर्मन्स गाडीत इथे जरा वेळ घालवा. इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसवला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. त्यात बंपर काढ-घाल करताना रेडिएटरच्या कडेचे फोम आणि प्लास्टिकचे पडदे परत बसत नाहीत. हवा सोपा रस्ता शोधते आणि रेडिएटरच्या बाजूने निघून जाते. इंजिनाखालचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यातल्या खड्ड्यात तुटून गेलं असेल तर वेगातही रेडिएटरमधून हवा कमी ओढली जाते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पाहा, पिशव्या, पिसं आणि चिखलाची साय सापडते. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने मारा. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात. फोमच्या पट्ट्या लावून फटी बंद केल्या की कित्येक गाड्या तीन-चार डिग्री खाली येतात, एकही पार्ट न बदलता.

*कूलंट की टँकरचं पाणी?* घोडबंदर पट्ट्यात टँकर आणि बोअरचं पाणी सर्रास वापरलं जातं आणि तेच कोणीतरी टाकीत ओतलेलं असतं. कठीण पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या दांड्यावर बसतात. त्याच क्षाराने नवा थर्मोस्टॅटही वर्षभरात अडखळतो. टाकीत तपकिरी गाळ किंवा पांढरे कण दिसले तर सिस्टिम धुऊन कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट भरा. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून नुसतं पाणी चालेल, असं नाही. गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्येच असतात. ४० ते ५० टक्के कूलंट, बाकी डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीवाल्याकडे मिळतं. रंगावर जाऊ नका. गुलाबी रंगाची दोन कूलंट वेगवेगळ्या रसायनांची असू शकतात आणि एकत्र आली की जेलीसारखी साकळतात.

*हवा काढणं.* हीटर पूर्ण गरमवर लावा. इंजिन ९० ला आणि हीटर गार हवा फेकतोय, तर आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. इंजिन गार असताना गाडीचं नाक चढावर ठेवा, ब्लीड स्क्रू असेल तर सैल करा, कूलंट बारीक धारेने भरा. बुडबुडे न येता सलग धार आली की स्क्रू आवळा. मग कॅप लावून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा, बंद करा, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा भरा. सीएनजी रेड्युसर टाकीपेक्षा उंचावर बसवला असेल तर हवा तिथेच साठते आणि तो खाली घेतल्याशिवाय हा त्रास जात नाही.

थर्मोस्टॅटची पाळी

गार गाडी चालू करून वरचा होज धरा. आधी हवेइतकाच गार, आणि ओबीडीवर उघडण्याचा आकडा आला की एकदम गरम व्हायला हवा. इंजिनाबरोबर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे. एक सावधगिरी: काही इंजिनांत थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला, म्हणजे खालच्या होजवर असतो. तिथे ही चाचणी खालच्या होजवर करायची. हात लावताना फॅनपासून लांब. तो न सांगता फिरतो.

काढून तपासायचा असेल तर पातेल्याची चाचणी करा. झडपेच्या फटीत दोरा अडकवा आणि थर्मोस्टॅट त्या दोऱ्यावर पाण्यात लोंबकळू द्या, बुडाला टेकता कामा नये. शेजारी थर्मामीटर. गॅस मंद, पाणी अधूनमधून ढवळायचं. झडप उघडली की दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो: तोच उघडण्याचा आकडा. फ्लँजवर छापलेल्या आकड्याच्या दोन डिग्री इकडेतिकडे चालतं. मग ९५ च्या आसपास झडप किती उचलली ते मोजा. ८२ च्या थर्मोस्टॅटला साधारण ८ मिमी किंवा जास्त हवं. ठाण्यात पाणी १०० ला उकळतं, त्यामुळे ८८ आणि त्यापुढच्यांचं पूर्ण उघडणं पातेल्यात धड दिसत नाही. त्यांचा फक्त सुरुवातीचा आकडा तपासा. नव्या थर्मोस्टॅटचीही हीच परीक्षा घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला असो की शोरूममधून, पंधरा मिनिटांचा गॅस हा दुसऱ्यांदा कूलंट काढण्यापेक्षा स्वस्त.

विजेच्या कनेक्टरचा, म्हणजे मॅप-कंट्रोल्ड थर्मोस्टॅट असेल तर पातेल्यातलं उत्तर फसवं. तो करंटशिवाय खूप वर, शंभरीच्या पुढे उघडू शकतो, आणि तेच बरोबर असतं.

मग किती डिग्रीचा?

कंपनीचा आकडा पायरी शून्य. बऱ्याच जपानी पेट्रोल इंजिनांत तो ७८ ते ८२ असतो, इतर बऱ्याच गाड्यांत ८७ ते ९२. तुमच्या मूळ थर्मोस्टॅटवरचा शिक्का वाचा आणि मग ठरवा.

७१-७२ चा रोजच्या गाडीत नको. बऱ्याच ईसीयूत पी०१२८ ची मर्यादा मूळ थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा सुमारे ११ डिग्री खाली असते. ८८ ची गाडी ७१-७२ वर चालवली की कोड येणारच. ट्यूनर तो कोड बंद करून देतो, पण त्यामागचा प्रश्न राहतो. इंजिन ‘अजून गार आहे’ असं समजून ईसीयू काही इंजिनांत जास्त पेट्रोल मारतो, ऑइल ९०-१०० पर्यंत पोचत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्येच राहते. वाशी ते सीवूड्स असल्या आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर पातळी हळूहळू वाढलेली दिसते. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत हे लवकर होतं.

मूळ ८८ असेल आणि रिमॅप असेल तर ८२ चा विचार करता येतो. फायदा खरा आहे, पण छोटा: मोकळ्या रस्त्यावर सिलिंडर हेड पाच-सहा डिग्री गार राहतं, त्यामुळे नॉकपासून (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यापासून) थोडी जास्त मोकळीक मिळते आणि ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) कमी मागे घेतो. अट अशी की ट्यूनरने मॅपमध्ये फॅनचे आकडेही खाली आणले पाहिजेत, उदाहरणार्थ चालू ९२, बंद ८७. फॅन मूळच्या ९७ वरच ठेवला तर प्रत्येक सिग्नलला इंजिन ८५ आणि ९७ मध्ये झुलत राहतं, आणि कमी आकड्याचा थर्मोस्टॅट घालून ट्रॅफिकमध्ये काहीच मिळालेलं नसतं. उलट टोकही टाळा. फॅन ८५ ला आणि थर्मोस्टॅट ८८ चा असेल तर फॅन जवळपास अखंड फिरेल आणि रेडिएटरमधून गरम कूलंट मात्र जातच नसेल.

मूळच ७८-८२ असेल तर आणखी खाली जाऊ नका. टायमिंग मागे जातंय अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष इनटेक हवेच्या तापमानात असतो, कूलंटमध्ये नाही. लॉगमध्ये दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल आणि इंटरकूलरकडे नीट वळवलेली हवा यांनी नव्या थर्मोस्टॅटपेक्षा जास्त फरक पडतो.

मॅप-कंट्रोल्ड किंवा दुहेरी थर्मोस्टॅटच्या गाडीत यांत्रिक बदल करूच नका. फोक्सवॅगन गटाच्या ईए२११ इंजिनांत हेडला वेगळा आणि ब्लॉकला वेगळा थर्मोस्टॅट असतो, ब्लॉकचा साधारण १०५ ला उघडतो, आणि दोन्ही पंपाच्याच मॉड्यूलमध्ये बसलेले असतात. मॅप-कंट्रोल्ड गाडीत जोराच्या ड्रायव्हिंगला तापमान खाली हवं असेल तर ते सॉफ्टवेअरमध्ये मागा.

आणि ‘वॉल काढून टाका’? ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागची दुसरी तबकडी बायपासचा रस्ता बंद करते, तिथे वॉल काढला की बायपास कायम उघडा राहतो. गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनात फिरतो. म्हणजे साध्या रस्त्यावर गाडी गार, आणि घाटात आधीपेक्षा गरम.

बसवताना

स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. छोटी जिगल पिन असेल तर ती वर, घड्याळाच्या बाराच्या जागी, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. ओ-रिंग नवी, सिलिकॉनचा लेप नको, त्याचा सुटलेला तुकडा रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतो. हाउसिंगचे बोल्ट बहुधा एम६ असतात, साधारण १० न्यूटन-मीटरने आवळायचे, आळीपाळीने. प्लास्टिकचं हाउसिंग एका बाजूने आवळलं की तडा जातो आणि तो तडा गरम झाल्यावरच गळतो. काम झाल्यावर एकच फेरी दोन भागांत लॉग करा: दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत सलग वेगात, आणि संध्याकाळच्या माजिवड्याच्या गर्दीत एसी लावून. पहिल्या भागात आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ, त्याच्या पाच-सहा डिग्री वरपर्यंत स्थिर हवा. दुसऱ्यात फॅनच्या दोन आकड्यांमध्ये.

इथे थांबा

चालवताना ११० च्या वर गेलं तर एसी बंद, हीटर पूर्ण, बाजूला घ्या. तरी चढतच असेल किंवा लाल दिवा लागला तर इंजिन बंद. रेडिएटरवर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नका. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. कॅपला किमान पाऊण तास हात लावायचा नाही.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतःची तपासणी संपली:

- गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक, किंवा टाकीत सतत बुडबुडे
- बाहेर गळती नाही, तरी पातळी दर आठवड्याला खाली
- सायलेन्सरमधून न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ
- सकाळी पहिली काही सेकंदं एक सिलिंडर मारत नाही
- पंपाच्या खालच्या भोकातून ठिबक, आणि पंप टायमिंग बेल्टवर चालणारा
- हायब्रिड गाडी, जिथे इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं असतं

पहिली चार लक्षणं हेड गॅस्केटची असू शकतात. गॅरेजला ‘थेट हेड उचला’ म्हणू नका. आधी टाकीच्या तोंडावर रसायनाची ब्लॉक टेस्ट करून घ्या, ज्यात ज्वलनाचा वायू आला तर निळं द्रव पिवळं होतं, आणि मग लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं). हेड उतरलंच तर त्याचा सपाटपणा मोजल्याशिवाय परत बसवू देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला नोंद करा, कारण रिमॅप आणि बदललेला पार्ट दोन्ही त्यांच्या स्कॅनरला आणि डोळ्यांना दिसतात. सोबत ओबीडीचा लॉग फोनमध्ये घेऊन जा, बाहेरच्या हवेचं तापमान, एसीची स्थिती आणि वेग त्यातच असू द्या.